यू-वृक्षाचे बोन्साय : छाटणी आणि नवी पालवी

छाटलेले झाड अधिक जोमाने फुटते, ही गोष्ट गुलाबाच्या चार कुंड्या बाळगणाऱ्या कोणत्याही घरास नवी नाही. पावसाळा सरता सरता गुलाबाच्या फांद्या निर्दयपणे कापाव्यात आणि थोड्याच दिवसांत त्यांवर तांबूस, कोवळे धुमारे डोकावू लागावेत, हा अनुभव दरसालचा आहे. नाशिककडचा द्राक्षबागाईतदार तर आपल्या पिकाचा सारा हिशेब छाटणीच्या दिवसापासून मांडतो. ह्यामुळे 'कापा म्हणजे फुटेल' हा नियम यच्चयावत् वृक्षांना सारखाच लागू असावा, अशी समजूत होऊन बसते. ही समजूत मनात धरून कोणी चीडासारख्या सूचिपर्णी वृक्षाच्या फांदीस कात्री लावील, तर त्याच्या पदरी पश्चात्तापच यावयाचा. चीडाची फांदी हिरवा भाग संपवून जुन्या, उघड्या लाकडापर्यंत मागे कापली, की ती बहुधा फुटत नाही. तेथेच वाळून जाते. सूचिपर्णी वृक्षांपैकी बहुतेकांचा स्वभाव असा हट्टी आहे. ह्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत इंग्रज लोक ज्यास 'यू' म्हणतात तो वृक्ष अग्रगण्य होय. शेकडो वर्षांच्या जुन्या खोडावरही त्यास नवी पालवी फुटू शकते. आणि तबकात वाढविलेल्या बुटक्या वृक्षांची, म्हणजे बोन्सायांची, आवड असणाऱ्या लोकांना ह्या वृक्षाचे जे मोल वाटते, ते मुख्यतः ह्याच एका गुणामुळे.

यू-वृक्षाच्या निरनिराळ्या जाती युरोपात, ईशान्य आशियात, उत्तर अमेरिकेत आणि आपल्या हिमालयातही आढळतात. गढवालात त्यास थुनेर म्हणतात, हिमाचलात रखाल. पाने चपटी, अरुंद, वरून गर्द हिरवी आणि डहाळीच्या दोहो अंगांस फणीच्या दात्यांप्रमाणे बसविलेली असतात. वर्ग सूचिपर्णींचा असला, तरी ह्याला चीडासारखे लाकडी शंकू येत नाहीत. एकेक बी लाल, मऊ, रसाळ अशा इवल्याशा पेल्यात बसलेले असते. नर आणि मादी वृक्ष सामान्यतः वेगवेगळे असतात. जपानात ह्याचे नाव 'इचिइ'. उत्तरेकडील होक्काइदो बेटावर त्यालाच 'ओन्को' म्हणतात. इचिइ ह्या शब्दाचा अर्थ 'पहिली श्रेणी' असा आहे. दरबारी मानकऱ्यांनी हाती धरावयाची लहानशी फळी ह्या लाकडाची करीत आणि त्यावरून वृक्षासही दरबारातील पहिली श्रेणी बहाल झाली, अशी आख्यायिका सांगतात. हिदा प्रांतातील ताकायामा येथे ह्या लाकडाचे कोरीव काम प्रसिद्ध आहे. ते लाकूड रंगविण्याची गरज पडत नाही. आतला गाभा मुळातच तांबूस आणि त्याभोवतीचा थर पांढुरका असतो, व वर्षे लोटतील तसा गाभ्याचा रंग अधिकच गहिरा होतो.

बोन्साय ह्या शब्दातील 'बोन' म्हणजे पसरट भांडे आणि 'साय' म्हणजे लावणी. ह्या कलेचे सर्वांत नावाजलेले गाव म्हणजे टोकियोच्या उत्तरेस असलेले ओमिया. १९२३ च्या प्रचंड भूकंपानंतर टोकियोतील कित्येक बोन्साय-कारागीर मोकळ्या जागेच्या व स्वच्छ हवापाण्याच्या शोधात तेथे गेले आणि १९२५ मध्ये त्यांची वसाहत उभी राहिली. अशा बागांतून मानाचे स्थान असते ते काळ्या चीडाला आणि ज्युनिपरला. इचिइ हा थंड प्रदेशातला, काहीसा अबोल पाहुणा. विलायतेत मात्र त्याचा थाट निराळा आहे. तेथे जुन्या वाड्यांभोवती यूची कुंपणे असतात, आणि एखादे कुंपण काढून टाकावयाचे ठरले म्हणजे त्यातील मांडीएवढी जाड, पीळदार खोडे बोन्सायच्या शौकिनांना जणू घबाडच वाटतात. ते खोड भांड्यात रुजले, की मग त्याला योग्य जागी, योग्य आकाराच्या फांद्या कशा आणावयाच्या, हा प्रश्न उभा राहतो, आणि येथूनच छाटणीच्या विद्येस प्रारंभ होतो.

अडचण समजण्यासाठी एक जुने, कित्येक वर्षे मनाप्रमाणे वाढू दिलेले बोन्साय डोळ्यांपुढे आणावे. दुरून पाहता ते हिरवेगार दिसते. जवळ जाऊन फांद्या किंचित बाजूस सारल्या म्हणजे आतील प्रकार उघड होतो. सारी हिरवाई बाहेरच्या कडेला, टोकाटोकांवर जमलेली. आत खोडापाशी केवळ उघड्या काटक्या. छत्रीचे कापड बाहेर आणि आत नुसत्या काड्या, असे ते रूप. दरसाल टोके थोडी पुढे सरकतात, आतल्या डहाळ्या अंधारात पडून मरतात, आणि जे झाड मूर्तीसारखे आटोपशीर असावयाचे ते झुडपासारखे ऐसपैस होत जाते. मालक केवळ बाहेरची कडा कातरीत राहिला, तर दाटी वाढून आत अधिकच काळोख होतो. वडिलांच्या हातचे झाड म्हणून त्याला धक्का लावावयाचा नाही, असा भिडस्तपणा पुष्कळांच्या हातून घडतो. परंतु न कापणे हेही एक प्रकारचे नुकसानच आहे, फक्त ते सावकाश होत असल्यामुळे दिसत नाही.

टोकालाच सारे पोषण का मिळते, हे कोडे शास्त्रज्ञांनी टप्प्याटप्प्याने उकलले. चार्ल्स डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस ह्यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले, की गवताच्या कोंबाच्या शेंड्यावर पडलेल्या प्रकाशाचा परिणाम खालच्या भागावर होतो. म्हणजे शेंड्याकडून खाली काही निरोप जात असला पाहिजे. पुढे हा निरोप म्हणजे एक रासायनिक द्रव्य आहे असे सिद्ध झाले व त्यास 'ऑक्सिन' हे नाव मिळाले. १९३३ च्या सुमारास केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग ह्या दोघांनी एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा कापला आणि त्या जागी ऑक्सिन लावून पाहिले. शेंडा नुसता कापला की बगलेतील डोळे फुटत. कापलेल्या जागी ऑक्सिन लावले की ते निजूनच राहत. शेंडा हा घरातील करड्या वडीलधाऱ्यासारखा असतो. तो आहे तोवर धाकट्यांचे बोलणे होत नाही, असा ह्याचा सोपा अर्थ.

तथापि प्रकरण एवढ्यावर संपले नाही. २००८ मध्ये 'स्ट्रिगोलॅक्टोन' ह्या वर्गातील द्रव्येही डोळ्यांना दडपून ठेवण्याच्या कामी असतात असे आढळले, आणि २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील संशोधकांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून जुन्या समजुतीस मोठीच मुरड घातली. शेंडा कापल्यावर खालचे डोळे इतक्या लवकर हालचाल करू लागतात, की ऑक्सिन कमी झाल्याची वार्ता तेवढ्या वेळात तेथवर पोचणेच शक्य नसते. त्याआधी पोचते ती साखर. शेंडा आपल्या वाढीसाठी पानांतील साखर स्वतःकडे ओढून घेत असतो. तो नाहीसा होताच ती साखर डोळ्यांच्या वाट्यास येते आणि ते जागे होतात. माळ्याच्या दृष्टीने हा शोध फार मोलाचा आहे. नुसता दडपणारा दूर केल्याने भागत नाही, जागे होणाऱ्याच्या ताटात काहीतरी पडावयास हवे. ज्या झाडापाशी साखरेचा साठाच नाही, त्याचा शेंडा कापून डोळे फुटावयाचे कोठून?

चीडाच्या जुन्या लाकडात जिवंत डोळे फारसे उरत नाहीत, म्हणून तेथे सगळाच कारभार आटोपलेला असतो. यूच्या सालीखाली मात्र निद्रिस्त डोळे वर्षानुवर्षे जीव धरून राहतात. इंग्लंडच्या उत्तरेकडील लेव्हन्स हॉल ह्या वाड्याच्या उद्यानात यूची झाडे कातरून छत्र्या, मनोरे आणि चमत्कारिक आकृती केलेल्या आहेत. त्या उद्यानाची आखणी १६९४ च्या सुमारास सुरू झाली, आणि तेव्हापासून आजतागायत तेथील कात्री थांबलेली नाही. तीनशे वर्षे कातरून घेऊनही जो वृक्ष दाट पालवी देतो, त्याच्या अंगच्या चिकाटीचा दाखला आणखी कोणता हवा? फार रुंद झालेले कुंपण पुन्हा अरुंद करावयाचे असले, म्हणजे तेथील माळी एका वर्षी त्याची एकच बाजू थेट खोडापर्यंत कापतात आणि ती बाजू फुटून हिरवी झाली की एकदोन वर्षांनी दुसरीस हात घालतात. दोन्ही बाजू एकदम कापीत नाहीत. त्या एका अंगावरच्या हिरवाईवर झाड तगते, आणि उघड्या अंगास अन्न पुरविते.

ही कुंपणाची गोष्ट ऐकून पुष्कळांची फसगत होते. जमिनीतल्या यूची मुळे दूरवर पसरलेली असतात आणि त्यांत व जाड खोडात अन्नाचा मोठा साठा असतो. तबकातल्या यूची सारी ठेव दोन मुठी मातीतील मुळांत. सावकाराने हजार रुपये उधळले तर त्याचे घर चालते. रोजंदारीच्या माणसाने तसे करून कसे चालेल? म्हणून बोन्सायच्या बाबतीत पहिला नियम असा, की ज्या वर्षी कापावयाचे, त्याच्या आधीच्या वर्षी काहीच कापू नये. झाडास वसंतापासून शरदापर्यंत नियमित खत द्यावे. जपानात ह्यासाठी मोहरीवर्गातील बियांच्या पेंडीचे गोळे मातीवर ठेवण्याची चाल आहे. नवे धुमारे लांबत असले तर त्यांस लांबू द्यावे. ते वेडेवाकडे दिसतात, पाहणाऱ्यास झाड गबाळे वाटते, आणि मालकाचे हात शिवशिवतात. परंतु तेच धुमारे उन्हाळाभर साखर तयार करून लाकडात व मुळांत भरीत असतात. एका वर्षीचा टोकाचा धुमारा जाड, सरळ आणि पाने गर्द असतील, तर साठा झाला असे समजावे. पाने पिवळट आणि धुमारे आखूड असतील, तर आणखी एक वर्ष थांबावे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण बोन्सायच्या बागेत फार वेळा खरी ठरते.

मोठ्या छाटणीस उत्तम काळ म्हणजे हिवाळा संपत आलेला, कडाक्याचे दहिवर ओसरलेले, पण डोळे अजून फुगू लागलेले नाहीत, तो. त्या वेळी वर्षाची शिल्लक मुळांत आणि खोडात सुरक्षित असते, आणि पुढे वाढीचा सबंध हंगाम हाताशी असतो. दुसरी संधी उन्हाळ्याच्या मध्यास येते, जेव्हा वसंतातील कोवळी पाने निबर होतात. तेव्हा हलकी छाटणी करता येते. शरदात मोठे घाव घालू नयेत, कारण उशिरा फुटलेली कोवळी पालवी थंडीत करपते.

कापताना आधी माथ्याकडे पाहावे. शेंडा आणि वरच्या फांद्या सर्वांत बळकट असतात, म्हणून त्यांवर कात्री अधिक चालवावी. खालच्या, आतल्या, दुबळ्या फांद्यांस शक्यतो स्पर्शही करू नये. त्यांची पाने हीच त्यांची कमाई. यू उघड्या लाकडातून फुटतो हे खरे. तरीही तबकातल्या झाडाच्या प्रत्येक फांदीवर थोडी हिरवाई राखणे शहाणपणाचे. जी फांदी पार बोडकी केली ती फुटेल किंवा फुटणारही नाही. जिच्यावर हिरवी डहाळी आहे, ती रस ओढीत राहते आणि त्या रसाच्या वाटेवरील निजलेल्या डोळ्यांना जाग येण्याची आशा अधिक. एकूण हिरवाईपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक एका वेळी काढू नये, एवढे धोरण सांभाळले म्हणजे सहसा गफलत होत नाही. कात्री धारदार असावी व ती डहाळीवर चालवावी, पानांवर नव्हे. अर्धवट कापलेले पान कडेने तपकिरी पडते आणि कित्येक दिवस झाडावर तसेच विद्रूप दिसत राहते. नुसत्या आतील डहाळ्यांवर ऊन पोचेल एवढी वाट मोकळी झाली, तरी निम्मे काम झाले. जाड फांदी काढावयाची असेल तेव्हा कारागीर कधी कधी तिचा खुंट मुद्दाम राखतात आणि साल सोलून त्यास वठलेल्या, वादळात मोडलेल्या फांदीचे रूप देतात. यूचे लाकूड चिवट व टिकाऊ असल्यामुळे असे खुंट लवकर कुजत नाहीत.

कापलेल्या डहाळ्या लगेच गोळा कराव्यात, ही सूचना शोभेसाठी नव्हे. यूची पाने, साल आणि बी ही सारी विषारी आहेत. तो लाल गर तेवढा निरुपद्रवी, परंतु त्यातील बी चावून खाणे प्राणघातक ठरू शकते. फेकलेल्या छाटणीत तोंड घालून गुरे-घोडी दगावल्याची उदाहरणे विलायतेत जुनीच आहेत. लहान मुलांच्या घरी तर विशेष दक्षता हवी. आणि गंमत अशी, की ह्याच विषवृक्षाने वैद्यकास एक अनमोल औषध दिले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील जंगलातून यूची साल तपासणीसाठी जमविण्यात आली. तीत सापडलेल्या टॅक्सॉल ह्या द्रव्याची रचना मन्सुख वाणी आणि मनरो वॉल ह्यांच्या चमूने १९७१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगावर त्याच्या वापरास अमेरिकेत संमती मिळाली. परंतु साल सोलली की वृक्ष मरतो. युरोपीय यूच्या पानांतून मिळणाऱ्या एका द्रव्यापासून तेच औषध बनविण्याची रीत निघाली तेव्हा कुठे हा पेच सुटला. कुंपणांची छाटणी, जी आजवर जाळून टाकीत, ती कामाची ठरली. कापले की पुन्हा फुटणाऱ्या झाडाकडून औषध घ्यावयाचे, की एकदाच सोलून ते मारावयाचे, असा तो प्रश्न होता. हिमालयातील थुनेराने मात्र ह्या मागणीचा जबर मार सोसला. त्याच्या परदेशी व्यापारावर १९९५ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

छाटणीच्या वर्षी मुळांना हात लावू नये. फांद्या कापल्या, त्याच महिन्यात झाड भांड्यातून उपटून मुळेही कातरली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. यूची मुळे जखमेतून सावकाश सावरतात. तेव्हा माती बदलणे आणि मोठी छाटणी ह्यांत निदान एका सबंध वर्षाचे अंतर असावे. छाटलेल्या झाडास पाणीही हात राखून द्यावे. पाने कमी झाली म्हणजे पाण्याचा खर्च कमी होतो, आणि जुन्याच सवयीने ओतलेले पाणी मुळांशी साचून ती कुजवते. काळोखात वाढलेल्या आतल्या पानांवर एकाएकी प्रखर ऊन आले तर ती भाजतात. काही आठवडे विरळ सावली द्यावी.

ह्यानंतर काम एकच : वाट पाहणे. कधी दोन महिन्यांत, कधी दुसऱ्या वसंतात, जुन्या सालीवर मोहरीएवढे हिरवट ठिपके उमटतात. बहुधा ते फांदीच्या बुंध्याशी किंवा घावाच्या कडेस झुबक्याने येतात. ह्या वेळी त्यांतले निवडून काढण्याची घाई करू नये. पहिल्या वर्षी सारे वाढू द्यावेत, कारण कोणता टिकेल हे अद्याप झाडासही ठाऊक नसते. पुढच्या वर्षी मात्र एका जागी एकदोन बळकट कोंब राखून बाकीचे काढावेत. नाहीतर त्या जागी गाठ फुगते आणि फांदीचा घाट बिघडतो.

कोवळे शेंडे बोटांनी खुडण्याच्या रीतीविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण तिचा दुरुपयोग फार होतो. वसंतात यूचे धुमारे पोपटी, लुसलुशीत असतात व बोटाच्या चिमटीत सहज तुटतात. जे झाड आकारास आले आहे, त्याच्या जोरकस टोकांपुरते असे खुडले तर पालवी दाट होते. परंतु जे झाड अजून घडवावयाचे आहे, त्याचे सर्व शेंडे दरसाल खुडीत राहिले, म्हणजे त्याची मिळकत सुरू होण्यापूर्वीच जप्त केल्यासारखे होते. चारपाच वर्षांत असे झाड दिसावयास नीटनेटके, परंतु आतून रिते होते. आणि एके दिवशी एखादी फांदी कारण न कळता वाळते. खुडणे हा बळ आवरण्याचा उपाय आहे, बळ आणण्याचा नव्हे.

नर वृक्षाच्या बाबतीत आणखी एक बारीक काम उरते. शरदात त्याच्या त्या वर्षीच्या डहाळ्यांच्या खालच्या अंगास, पानांच्या बगलेत, वाटोळ्या फुलकळ्यांची रांग लागते. जेथे फुलकळी बसली, तेथे पानांचा डोळा नाही. दुबळ्या डहाळ्यांवर तर कित्येकदा फुलेच फुले होतात आणि ती झडल्यावर डहाळी बोडकी राहते. म्हणून हिवाळ्याच्या संध्याकाळी, दिव्यापाशी बसून, चिमट्याने त्या कळ्या एकेक काढणारे लोक असतात. एका मध्यम झाडास ह्यात दोनतीन संध्याकाळी सहज जातात.

पुण्यामुंबईच्या हवेत हा वृक्ष नांदावयाचा नाही. त्यास थंडीतली खरी विश्रांती लागते. परंतु विलायतेत किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबांपैकी एखाद्याच्या परसात यूचे जुने कुंपण असेलही. त्यातले एखादे खोड काढावयाची वेळ आली, तर ते फेकण्यापूर्वी फेब्रुवारीत सभोवती खणून पाहावे, मुळांचा होईल तेवढा मोठा गड्डा राखून ते लाकडी पेटीत लावावे, आणि पहिली दोन वर्षे त्याच्यावर कात्री न चालविता नुसते पाणी व खत देत राहावे.